डोक्यातलं पाणी आणि 'शंट'ची नळी : हैदराबादहून ऑपरेशन करून घरी आल्यावर काय सांभाळायचं?

हैदराबाद / देगलूर : लेकराचं डोकं वयाच्या मानाने मोठं दिसायला लागलं, म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले किंवा टीबीची बाधा मेंदूच्या आवरणापर्यंत गेली, की सीमाभागातली गाडी बहुतेक वेळा हैदराबादच्या रस्त्याला लागते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट, उदगीर या भागातल्या लोकांना हे शहर परकं नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही पंजागुट्ट्याचं निम्स, अफजलगंजचं उस्मानिया, सिकंदराबादचं गांधी आणि लेकरांसाठी रेड हिल्सचं निलोफर ही नावं इथल्या घराघरांत माहीत आहेत.

डॉक्टर सांगतात, "मेंदूत पाणी झालंय, शंट टाकावा लागेल." ऑपरेशन साधारण एक-दीड तासाचं. आठवडाभरात सुट्टी होते, पेशंट गावी येतो आणि घरचे म्हणतात, "सुटलो बाबा." खरी जबाबदारी मात्र इथूनच सुरू होते. शंट ही बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभराची सोबत असते, ती कधीही अडू शकते आणि अडली तर हाताशी वेळ थोडा असतो. ऑपरेशनचा दवाखाना दोनशे-अडीचशे किलोमीटरवर असेल, तर लक्षणं ओळखण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

मेंदूत पाणी म्हणजे नेमकं काय?

हे पिण्याचं पाणी नव्हे. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. तिथे एक स्वच्छ, पातळ द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात तो दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतो, पण एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपासच असतो. म्हणजे जेवढा तयार होतो तेवढाच रक्तात शोषला जातो आणि दिवसातून तीनेक वेळा बदलतो. मेंदूला धक्क्यापासून वाचवणं आणि त्याच्या भोवतीची घाण वाहून नेणं ही त्याची कामं.

वाट कुठे अडली किंवा शोषण कमी झालं, की पोकळ्या फुगतात आणि मेंदूवर दाब येतो. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात. कारणं वेगवेगळी असतात. काही लेकरांत जन्मतःच दोष असतो, काहींच्या पाठीच्या कण्यावर गाठ असते, तर वेळेआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. मोठ्यांत गाठ, डोक्याला मार किंवा रक्तस्राव ही कारणं दिसतात. आपल्या देशात टीबीचा मेंदूज्वर हे एक मोठं कारण आहे.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पाणी कमी प्यायल्याने डोक्यातलं पाणी कमी होत नाही. पेशंटला तहानलेलं ठेवून फायदा काही नाही, बद्धकोष्ठ मात्र होतं. झाडपाला, लेप किंवा डाग देण्यानेही अडलेली वाट मोकळी होत नाही. त्यात वेळ जातो आणि या आजारात गेलेला वेळ मेंदूला भोगावा लागतो. त्रिपुरातल्या एका चिमुकलीची बातमी २०१३ मध्ये जगभर गाजली होती. तिच्या डोक्याचा घेर ९४ सेंटीमीटरपर्यंत गेला होता. दिल्लीजवळच्या एका खासगी दवाखान्यात तिच्यावर ऑपरेशनं झाली, डोकं बरंच लहान झालं, पण २०१७ मध्ये ती गेली.

नळी कुठून कुठे जाते?

कवटीला एक लहान छिद्र पाडून सिलिकॉनची बारीक नळी मेंदूच्या पोकळीत सोडतात. कानामागे कातडीखाली व्हॉल्व बसवतात. तिथून दुसरी नळी मान आणि छातीवरून कातडीखालूनच पोटात नेतात. जास्तीचा द्रव पोटात उतरतो आणि तिथलं शरीर तो शोषून घेतं. बाहेर काही लोंबत नाही. कानामागे छोटा उंचवटा आणि बारीक माणसाच्या मानेवर दोरीसारखी रेघ, एवढंच हाताला लागतं. लेकरू वाढणार म्हणून पोटात नळीची जादा लांबी सोडून ठेवलेली असते.

व्हॉल्वचं काम पाण्याच्या टाकीच्या कॉकसारखं आहे. ठरलेल्या दाबापेक्षा दाब वाढला तरच तो उघडतो आणि द्रव एकाच दिशेने जाऊ देतो. काही व्हॉल्वचा दाब ठरावीक असतो, तर काहींचा दाब बाहेरून चुंबकाच्या यंत्राने बदलता येतो. आपल्याला कोणता बसवला आहे, हे घरच्यांना माहीत असलंच पाहिजे.

काही पेशंटना शंटऐवजी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवतात. त्यात मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र करून द्रवाला नवी वाट देतात आणि शरीरात नळी राहत नाही. पण ते सगळ्यांना चालत नाही. पाणी कशामुळे अडलं आणि पेशंटचं वय किती, यावर तो निर्णय होतो. हे छिद्रही पुढे बुजू शकतं, त्यामुळे लक्ष ठेवावंच लागतं.

एका बापाने बनवलेला व्हॉल्व

आजचे शंट ज्या वाटेने आले, त्यात आईबापांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत जॉन होल्टर हा कुलपं बनवणाऱ्या कंपनीतला तंत्रज्ञ होता. १९५५ मध्ये त्याच्या मुलाला जन्मतःच हा आजार निघाला. त्या वेळच्या नळ्या सारख्या तुंबायच्या. होल्टरने घरीच खटपट करून सिलिकॉनचा व्हॉल्व तयार केला आणि डॉ. यूजीन स्पिट्झ यांनी १९५६ पासून तो पेशंटमध्ये बसवायला सुरुवात केली. पुढे लेखक रोआल्ड डाल यांच्या मुलाला १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अपघात झाला आणि त्याचाही शंट वारंवार अडू लागला. तेव्हा डाल यांनी स्टॅन्ली वेड हे अभियंते आणि केनेथ टिल हे सर्जन यांना सोबत घेऊन नवा व्हॉल्व बनवला.

भारतात गरिबाला परवडेल असा 'छाब्रा शंट' आला. तो उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरमध्ये बनतो. युगांडात १९५ मुलांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३५ डॉलरचा छाब्रा शंट आणि सुमारे ६५० डॉलरचा परदेशी शंट यांच्या एका वर्षानंतरच्या निकालात फरक दिसला नाही. 'स्वस्तातला टाकला म्हणून पेशंट बिघडला' असं मनाला लावून घेणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

पहिले सहा आठवडे

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस डोकं आणि पोटाची जखम दुखते, मान आखडते. डॉक्टर सीटी स्कॅन करून नळी जागेवर आहे का ते पाहतात. उठून बसवायचं कधी, हे पेशंटप्रमाणे ठरतं. पोकळ्या फार फुगलेल्या असतील तर हळूहळू उठवतात, नाहीतर पाणी एकदम उतरून त्रास होतो.

टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवावी. टाके जवळच्या दवाखान्यात काढायचे असतील तर सुट्टीच्या वेळी तसं लिहून घ्यावं. जखमेवर हळद, तेल, भस्म काही लावू नये. खपली नखाने काढू नये. शंट ज्या बाजूला आहे त्या कुशीवर सुरुवातीला झोपू नये. लहान बाळाला कूस बदलता येत नाही, म्हणून त्याचं डोकं घरच्यांनीच फिरवत राहावं. व्हॉल्ववर सतत दाब पडला तर वरची कातडी पातळ होऊन फाटू शकते.

मोठ्यांनी चार ते सहा आठवडे जड उचलू नये. शेतातली कामं, पोती, पाण्याच्या घागरी यांना या काळात सुट्टीच. घरात फिरणं, हलकं चालणं चालतं आणि ते करावंच. थकवा येतो, दुपारी झोप येते, चिडचिड होते, हे काही आठवडे चालतं. दिवसेंदिवस ते कमी व्हायला हवं. वाढत असेल तर ते थकव्याचं लक्षण समजू नये.

टीबीमुळे पाणी झालं असेल तर शंटने फक्त दाब उतरतो, टीबी तसाच असतो. त्याच्या गोळ्या बऱ्याच महिन्यांच्या असतात. मेंदूच्या टीबीत उपचार साधारण नऊ ते बारा महिने चालतो. 'ऑपरेशन झालं, आता गोळ्या कशाला' म्हणून मध्येच सोडणं जीवावर बेतू शकतं. फिटच्या गोळ्यांचंही तसंच.

नळी अडली हे कसं ओळखायचं?

शंट अडणं ही दुर्मिळ गोष्ट नाही. लहान मुलांत पहिल्या वर्षातच साधारण ३० ते ४० टक्के शंटना पुन्हा दुरुस्ती लागते, असं जगभरातल्या अभ्यासांत दिसतं. यात घरच्यांची चूक नसते. मेंदूतल्या पेशींनी नळीचं टोक बुजतं, नळी तुटते, लेकरू वाढल्याने ती वर ओढली जाते किंवा पोटातलं टोक अडतं. पाच-दहा वर्षं नीट चाललेला शंटही अचानक बंद पडू शकतो.

बाळात दिसणारी लक्षणं : टाळू फुगलेली आणि घट्ट, डोक्याचा घेर भराभर वाढणं, कपाळावरच्या शिरा उठणं, डोळ्यांची बुबुळं खाली झुकल्यासारखी दिसणं, दूध न पिणं, सतत उलटी, किरकिर किंवा उलट फार झोपणं.

मोठ्या मुलांत आणि माणसांत : वाढत जाणारी डोकेदुखी, खासकरून सकाळी उठल्यावर, उलट्या, झापड, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, शाळेतल्या मुलाचं अचानक मागे पडणं, बंद असलेली फिट पुन्हा येणं.

जंतुसंसर्ग झाल्यास : ताप, नळीच्या रेषेवर लाली किंवा सूज, जखमेतून पाणी वा पू, मान आखडणं, पोट दुखणं. शंटचा संसर्ग बहुतेक वेळा ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होतो. या काळात कारण न सापडणारा ताप आला, तर गावात चार दिवस अँटिबायोटिक घेऊन वाट पाहू नये. अर्धवट औषधाने ताप दबतो, तपासणीत जंतू सापडत नाही आणि खरा आजार आत वाढतो.

पाणी जास्त उतरू लागलं तर डोकेदुखी उलट्या पद्धतीची असते. उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं. बाळाची टाळू खोल जाते. म्हाताऱ्या माणसात मेंदू आकसून बाहेरच्या बाजूला रक्त साठू शकतं, म्हणून त्यांचं साधं पडणंही गंभीर धरावं.

लेकराला उलटी झाली की प्रत्येक वेळी शंटच अडला असं नाही. जुलाबासोबतची उलटी, घरात सगळ्यांनाच आलेला ताप हे रोजचं असतं. पण उलटी आहे, जुलाब नाहीत आणि लेकरू झोपाळलेलं आहे, असं जुळलं तर थांबू नये. आईला 'लेकरू नेहमीसारखं वाटत नाही' असं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. मागच्या वेळी नळी अडली तेव्हा जी लक्षणं होती, तीच पुन्हा दिसण्याची शक्यता असते. ती लिहून ठेवावीत.

पेशंट उठवूनही उठत नसेल, फिट थांबत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं. 'आपलं ऑपरेशन हैदराबादला झालंय, तिथेच जाऊ' म्हणून अशा पेशंटला रात्रीच्या गाडीत घालणं धोक्याचं. नांदेड भागातल्या लोकांना विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. तिथे श्वास, फिट आणि दाब सांभाळून पुढे कुठे हलवायचं ते ठरवता येतं.

लांबच्या गावातली तयारी

सुट्टीच्या कागदावर पुढच्या गोष्टी आहेत का, हे दवाखाना सोडण्याआधी पाहावं : शंट कोणत्या कारणाने टाकला, कोणत्या बाजूला, व्हॉल्वची कंपनी आणि प्रकार, दाब किती ठेवला, ऑपरेशनची तारीख आणि वॉर्डाचा फोन नंबर. व्हॉल्वच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवून घ्यावं.

तब्येत चांगली असतानाचा एक सीटी स्कॅन जपून ठेवणं फार कामाचं. पुढे शंका आली की डॉक्टर नवा स्कॅन जुन्याशी ताडून पाहतात. जुना नसेल तर पोकळी आधीपासून मोठी होती की आता झाली, हे कळत नाही. काही पेशंटमध्ये नळी अडूनही स्कॅनमध्ये फारसा फरक दिसत नाही. अशा वेळी जुनी फिल्म आणि घरच्यांनी सांगितलेली लक्षणं दोन्ही लागतात. फिल्म, सीडी आणि कागद एका पिशवीत ठेवावेत आणि सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत. पेशंटच्या खिशात किंवा दप्तरात 'मेंदूत शंट आहे' असं लिहिलेलं कार्ड असावं.

गावातल्या डॉक्टरांना एकदा भेटून शंटबद्दल सांगून ठेवावं. भाषेची अडचण हैदराबादेत फारशी येत नाही. दखनी-हिंदीत काम भागतं. तरीही समजलं नाही तर पुन्हा विचारावं.

जावळ, हंडा, शाळा आणि मोबाइल

आपल्याकडे बाळाची टाळू भरतात, मालिश करतात. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून हलक्या हाताने तेल लावता येतं, पण व्हॉल्व दाबायचा नाही आणि नळीवरून जोर लावून चोळायचं नाही. 'दाबून बघा, चालतो का' असं पाहुणे सांगतात. त्यावरून काही कळत नाही, नुकसान होऊ शकतं. जावळ काढायचं असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्यावी, व्हॉल्वभोवती वस्तऱ्याऐवजी कात्री वापरावी.

डोक्यावरून हंडा, भारा, टोपली वाहणाऱ्या बायांनी ती सवय बदललेली बरी. घट्ट टॉवेल किंवा चुंबळ व्हॉल्ववर येऊ नये. जखम भरल्यावर दुचाकीवर हेल्मेट घालावंच. कानामागे टोचत असेल तर माप बदलावं.

शाळेत लेकराला पाठवावं. पळणं, क्रिकेट, पोहणं बहुतेकांना चालतं. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंगसारख्या डोक्याला मार लागणाऱ्या खेळांचं डॉक्टरांना विचारावं. शिक्षकांना लक्षणं सांगून ठेवावीत. काही मुलांना गणित, लक्ष लागणं, लक्षात राहणं जड जातं. तो आळस नसतो. त्यांना पहिल्या बाकावर बसवणं आणि काम तुकड्यांत देणं याने फरक पडतो. डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी करावी, कारण दाबाने नजर जाऊ शकते. लसीकरण चुकवू नये.

दाब बदलता येणारा व्हॉल्व असेल तर चुंबक जपावं लागतं. मोबाइल दुसऱ्या कानाला लावावा, चुंबकाची खेळणी आणि स्पीकर डोक्याजवळ नेऊ नयेत. एमआरआय केल्यानंतर व्हॉल्वचा दाब त्याच दिवशी तपासून घ्यावा. ठरावीक दाबाच्या व्हॉल्वला हा त्रास नसतो, तरी एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी शंट असल्याचं सांगावंच.

बद्धकोष्ठ साधं वाटतं, पण पोटातला दाब वाढला की द्रव उतरायला अडचण येऊ शकते. भाज्या, फळं, पुरेसं पाणी एवढं पुरतं. अपेंडिक्स, हर्निया, सिझेरियन असं पोटाचं कुठलंही ऑपरेशन असेल तर शंटची माहिती आधी द्यावी. शंट असलेल्या मुलींचं लग्न होतं, बाळंतपणही होतं. दिवस राहण्याआधी न्यूरोसर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं, खासकरून फिटच्या गोळ्या चालू असतील तर.

'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका

साठीनंतर एक वेगळाच प्रकार दिसतो. चाल मंदावते, पाय उचलत नाहीत, लघवी कपड्यात होते, विसरायला होतं. घरचे म्हणतात, वय झालं. कोलंबियाचे डॉ. सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये जगासमोर आणलेला हा आजार मेंदूतल्या पाण्याचाच असतो, फक्त दाब फार वाढलेला नसतो. पाठीतून थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात. सुधारली तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. चालण्यात फरक सगळ्यात आधी दिसतो, विसरणं तेवढं सुधारेलच असं नाही. वेळ गेला तर फायदा कमी होतो.

पैशाचं काय?

आरोग्यश्री ही तेलंगणातल्या रहिवाशांची योजना आहे. महाराष्ट्राचं रेशनकार्ड दाखवून ती मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले योजना तिच्या यादीतल्या दवाखान्यांत चालते. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते इतर राज्यांतल्या यादीतल्या दवाखान्यांतही वापरता येतं. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी, पैसे भरल्यावर नव्हे. पुढे शंट बदलावा लागू शकतो, हे धरूनच कार्ड आणि कागद तयार ठेवावेत. हातापायात कमजोरी किंवा नजरेचा दोष राहिला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

आधीच काय करता येईल?

बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३४-३५ सेंटीमीटर आणि वर्षाचा झाल्यावर ४६ च्या आसपास असतो. अंगणवाडीत किंवा लसीच्या दिवशी टेपने मोजून कार्डावर लिहून घ्यावा. आकडा भराभर चढत असेल तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष बरेच टळतात. घरात कुणाला टीबी असेल तर लहान लेकरांची तपासणी आणि बीसीजीची लस चुकवू नये.

शंट असलेली हजारो मुलं आज शाळेत जातात, मोठी माणसं दुकान आणि शेती सांभाळतात. त्यांच्या घरच्यांनी तीन गोष्टी पक्क्या ठेवाव्यात : फाइल हाताशी, लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ आणि शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टर. पुढच्या तपासणीची तारीख आली की पेशंट बरा दिसत असला तरी हैदराबादची खेप चुकवू नये.